ब्राउन बेल्टची तयारी : कोल्हापूर, जून ते ऑगस्ट

सोमवार, ९ जून

कराटेच्या ग्रेडिंगची, म्हणजे पट्ट्याच्या परीक्षेची, तारीख लागली. २४ ऑगस्ट, गणपतीच्या आधीचा रविवार. चौथ्या क्यूवरून (काळ्या पट्ट्याखालच्या पायऱ्या, उलट्या मोजायच्या) तिसऱ्यावर, म्हणजे जांभळा पट्टा सोडून ब्राउन. आतापर्यंतच्या परीक्षा सरांनीच घेतल्या. ब्राउनपासून बाहेरचे परीक्षक असतात, या खेपेला पुण्याहून येणार आहेत.

सरांनी फळ्यावर लिहून दिलं. किहोन : ठोसे, अडवण्या, लाथा, सगळं पुढे-मागे जात. काता (ठरलेल्या क्रमाच्या हालचाली, एकट्याने करायच्या) : तेक्की शोदान, शिवाय हेयान नावाच्या पाच कात्यांपैकी परीक्षक म्हणतील तो एक. कुमिते (जोडीने लढत) : जियु इप्पोन, एकाच हल्ल्याची. फॉर्म, दोन फोटो आणि फी महिनाअखेरपर्यंत.

मी शिरोलीला फाउंड्रीत क्वालिटीला आहे. रिजेक्शनची कारणं शोधणं हीच रोजची भाकरी. कास्टिंगमधला ब्लोहोल (वायूने पडलेलं भोक) मशीनवर चढल्यावर दिसतो, पण तो झालेला असतो आदल्या आठवड्यात, मोल्डिंगच्या वाळूत ओल जास्त राहिली तेव्हा. मशीनवाल्यावर ओरडून तो जात नाही. कात्यात बहुतेक दोष हातात दिसतात आणि क्लासमध्ये सगळे हातच दुरुस्त करत बसतात. हात का बिघडतो ते खाली जाऊन बघायचं, एवढ्यासाठी ही वही.

या बॅचला ब्राउनसाठी तिघे आहोत : दहावीचा एक मुलगा, अकरावीची एक मुलगी आणि चाळिशी ओलांडलेला मी.

शनिवार, १४ जून

तेक्की शोदान कागदावर सोपा दिसतो. एका सरळ रेषेत आडवं जायचं आणि परत यायचं. २९ हालचाली, दोन कियाई (जोराची आरोळी), सगळं किबा-दाचीत (घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकून उभं राहणं). उडी नाही, उंच लाथ नाही, गिरकी नाही. हेयान गोदानमधली उडी मारून आलेल्या पोरांना हे नुसतं सरकणं वाटतं.

ओकिनावात याला नाइहांची म्हणत. तिथला नामांकित लढवय्या चोकी मोतोबू याच कात्यासाठी ओळखला जायचा. आमच्या शोतोकान शैलीचे प्रवर्तक फुनाकोशींनी तर आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की गुरू इतोसूंच्या हाताखाली तिन्ही तेक्की शिकायला त्यांना दहा वर्षं लागली. आमच्या हातात अडीच महिने आहेत आणि त्यात नोकरीही आहे.

आज फक्त उभं राहणं. पावलांत साधारण दोन खांद्यांइतकं अंतर, पावलं समांतर, गुडघे बाहेर दाबलेले, पाठ ताठ, ढुंगण मागे न काढता कंबर खाली. आमचा क्लास शाळेच्या हॉलमध्ये भरतो, खाली शहाबादी फरशी आहे. फरशीच्या सांध्याला पावलाची बाहेरची कड लावली की स्वतःशी खोटं बोलायची सोय राहत नाही. डावं पाऊल सांध्यावर टिकतं. उजव्याचे चवडे मात्र थोड्याच वेळात बाहेर फिरतात. ते फिरताना कळत नाही, खाली बघितल्यावरच कळतं.

रविवार, २२ जून

मोबाइल खुर्चीला टेकवून समोरून आणि बाजूने चित्रण केलं. स्वतःला बघणं ही शिक्षा आहे, पण रिपोर्ट लिहायचा तर बघायलाच हवं.

पहिला दोष कागी-झुकीत, म्हणजे आकड्यासारख्या वाकड्या ठोशात. उजवी मूठ छातीसमोरून डावीकडे जाते, कोपर काटकोनात, आणि डाव्या कुशीच्या जराशी पुढे थांबायला हवी. माझी वीतभर पुढे जाते आणि उजवा खांदा तिच्यामागे ओढला जातो. दुसरा : एका पावलावरून दुसरं ओलांडताना डोकं वर जाऊन खाली येतं. तिसरा : नामी-गाएशीला, म्हणजे पाऊल झटक्यात मांडीसमोर उचलून परत ठेवताना, अख्खं धड उलट्या बाजूला कलतं.

पहिल्या दोषावर आठवडाभर मूठ आधी थांबवायचा प्रयत्न चालू होता. मूठ थांबते आणि खांदा वर चढतो. दोष गेला नाही, फक्त त्याने जागा बदलली. बाजूचं चित्रण हळू करून बघितलं तेव्हा सापडलं. ठोसा निघायच्या आधीच उजवा गुडघा आत पडतो. गुडघा आत आला की कंबर डावीकडे वळते, कंबरेबरोबर खांदा, खांद्याबरोबर मूठ. आणि गुडघा आत येतो कारण चवडा बाहेर फिरलेला असतो. फरशीच्या सांध्यावर दिसलं होतं तेच.

म्हणजे कागी-झुकीची दुरुस्ती उजव्या पायाच्या अंगठ्यात आहे. सरांना सांगितलं तर म्हणाले, "मग गेली दोन वर्षं मी काय ओरडतोय?" खरं आहे. ते "पाय बघ" म्हणायचे, मी हात बघायचो.

मंगळवार, १ जुलै

पाऊस लागला. कोल्हापूरचा जुलै ज्याला माहीत आहे त्याला कराटेच्या ड्रेसचं दुखणं सांगायला नको. जाड कॅनव्हासचा ड्रेस एकदा भिजला की चार-चार दिवस वाळत नाही. काखेत आणि जाकिटाच्या दुहेरी पट्टीत ओल राहते, मग वास येतो. पंख्याखाली टाकला, इस्त्री फिरवली, फ्रीजच्या मागे टांगला. शेवटी कामावर नेला आणि कोअर शॉपमधल्या ओव्हनच्या बाजूला दोरीवर घातला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कडक वाळला. संध्याकाळी क्लासमध्ये सगळे नाक उडवून बघतायत : रेझिनचा वास. कुबटापेक्षा बरा.

पँटचा पाय घोट्याच्या वर राहील असा शिवून घेतला. ओली पँट टाचेखाली आली की फरशीवर घसरायला होतं.

रविवार, ६ जुलै

आषाढी. नंदवाळच्या दिंडीमुळे रस्ते भरलेले, क्लासला सुट्टी. उपासाचं खाऊन किबा-दाचीत उभं राहणं जड जातं. घरीच भिंतीजवळ थोडं काम केलं. उजव्या अंगठ्याखाली दुमडलेला कागद ठेवायचा आणि ठोसा मारताना तो निसटू द्यायचा नाही. निसटतो.

रविवार, १३ जुलै

आज आबांनी बघितलं. आमचे आबा तरुणपणी गंगावेस तालमीत होते. तेल, हळद, ताक, लिंबू घालून मळलेल्या मातीत त्यांची उमेद गेली. खासबागेत लढले, जिंकलेल्या कुस्त्यांपेक्षा बरोबरीत सुटलेल्यांची त्यांना जास्त आठवण आहे. कराटे त्यांच्या लेखी हवेत हात मारायचा पोरखेळ. तरी सोप्यात खुर्ची टाकून बसले.

तेक्की दोनदा करून दाखवला. कियाईला दचकले नाहीत. मग म्हणाले, "पाय वलांडताना उठतुयास की. समोरचा असा उठला की आमी पट काढायचो."

दुसरा दोष व्हिडिओत दिसला होता, पण कारण सापडत नव्हतं. आबांनी काठीने घोट्याला टोकलं. "ही टाच बघ. उचलाय लागलीया." उजवीकडे जायचं म्हणून डावं पाऊल उजव्यावरून ओलांडतं. ते पोहोचायच्या आधीच माझ्या उजव्या पायाची टाच सुटते, गुडघा सरळ होतो आणि डोकं वर. वजन उभ्या पायावर पूर्ण आलेलंच नसतं, म्हणून शरीर वर ढकलून जागा करून घेतं.

त्यांनीच उपाय केला. कपडे वाळत घालायची दोरी सोडवली आणि माझ्या टाळूच्या बोटभर वर सोप्यात आडवी बांधली. दोरीला डोकं लागलं की ते काठी आपटतात. तासभर काठीच वाजत होती. शेवटी शेवटी ओलांडायच्या आधी उभ्या पायात वजन बसवायला थोडा जास्त वेळ घेतला, तेव्हा दोरी हलली नाही. तालमीत बैठका मारताना वस्ताद हेच सांगायचे म्हणे : खाली जाताना घाई चालेल, बाजूला सरकताना नाही.

शनिवार, १९ जुलै

जियु इप्पोन. हल्ला करणारा आधी सांगतो, "जोदान" (तोंडावर ठोसा), "चुदान" (पोटावर ठोसा) किंवा "माए-गेरी" (समोरची लाथ), मग मोकळ्या पवित्र्यातून एकच खरा हल्ला. समोरच्याने सरकायचं, अडवायचं, उलट ठोसा मारून त्याच्या अंगाशी थांबवायचा.

माझी जोडी अकरावीतल्या मुलीशी. ती माझ्या खांद्याला लागते. तिच्या तोंडावर ठोसा सोडताना माझा हात आपोआप आखडतो. दोन-तीन वेळा बघून सरांनी थांबवलं. "काका, तुमचा ठोसा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. ती कशाला अडवेल? परीक्षेत दोघंही नापास व्हाल." (क्लासमध्ये मला सगळेच काका म्हणतात, सरसुद्धा. सर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत.)

तिनेच मार्ग काढला. म्हणाली, "काका, हनुवटीला लागेल असाच मारा, मी नाही थांबले तर माझी चूक." मग मारला. तिने कर्णात मागे सरकून वर उचलला आणि तिचा ग्याकु-झुकी (उलट ठोसा) माझ्या बरगडीला कपड्यापर्यंत येऊन थांबला. आधीच्या सगळ्या फेऱ्यांत तिचं अंतर चुकत होतं ते माझ्यामुळे. आखूड ठोशापासून ती कशाला मागे जाईल? हल्ला खरा झाल्याबरोबर तिचं सरकणं खरं झालं. आजचा दोष तिच्या पायात दिसत होता आणि होता माझ्या हातात, म्हणजे नेहमीच्या उलट. नोंदवून ठेवतो.

शनिवार, २६ जुलै

सराव साधाच झाला. जाताना एका लहान मुलाच्या वडिलांनी विचारलं, "ब्लॅक बेल्ट किती दिवसांत?" सरांनी हसून टाळलं. मला टाळवत नाही, म्हणून इथे लिहितो.

पट्ट्यांचा हा सगळा कारभार ओकिनावातला नव्हेच. दानची, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पायऱ्यांची, पद्धत जिगोरो कानोंनी ज्यूदोत १८८३ मध्ये सुरू केली आणि फुनाकोशींनी ती उचलून १९२४ मध्ये आपल्या पहिल्या काही शिष्यांना कराटेतले दान दिले. त्याआधी माणसं वर्षानुवर्षं शिकत होती आणि कंबरेला काय रंग आहे याची कुणाला पडलेली नव्हती. आपल्याकडे दर तीन महिन्यांनी ग्रेडिंग, दर ग्रेडिंगला फी, आणि स्नेहसंमेलनात मंगलोरी कौलं फोडायची की पालक खूश. कौल फोडायला तंत्र लागतंच, नाही असं नाही. पण कौल उलटा ठोसा मारत नाही. आठ वर्षांच्या पोराच्या कंबरेला काळा पट्टा बघितला की मला त्या पोराचंच वाईट वाटतं, त्याला पुढे शिकायला कुणी जागाच ठेवली नाही.

टोकियो ऑलिंपिकनंतर आमच्याकडची पोरंही र्यो कियुनाचे व्हिडिओ बघून जोरजोरात श्वास सोडायला लागली. काता प्रकारातलं सुवर्ण त्याने घेतलं, तो ओकिनावाचाच. पण त्याची शैली र्युएई-र्यू, आमची शोतोकान. त्याचा श्वास उसना घेऊन आपला तेक्की सुधारत नाही. पॅरिसला तर कराटे नव्हतंच.

रविवार, ३ ऑगस्ट

रंगीत तालीम. सर टेबल टाकून बसले, आम्ही नंबर लावून उभे. कागी-झुकी बरा, डोकं स्थिर. नामी-गाएशीला धड अजून कलतं. पाऊल उचलायच्या आधीच मी दुसऱ्या बाजूला झुकून वजन काढून घेतो, म्हणजे पाय उचलायला सोपा. सर म्हणतात सोपा करायचा नाहीच. वजन मध्येच ठेवून पाय झटक्यात वर आणि खाली, इतका पटकन की शरीराला कलायला वेळच मिळू नये. आतापर्यंतच्या तिन्ही दोषांत हाच एक पायाच्या वेगाने सुटणारा.

दहावीच्या मुलाला हेयान योंदान सांगितला आणि तो मध्येच गोदानमध्ये शिरला. सगळे हसले, तो रडवेला झाला. परीक्षेच्या दिवशी हे होणारच कुणाचं तरी.

मंगळवार, १२ ऑगस्ट

पाचही हेयान चिठ्ठ्या टाकून. घरात बायको चिठ्ठी उचलते, मी करतो. शोदान आणि सान्दानची सुरुवात डावीकडे वळूनच होते, थकल्यावर एकात दुसरा घुसतो. सान्दान फक्त २० हालचालींचा, पण उत्तरार्धात किबा-दाची आहे. तेक्कीची मेहनत तिथे फुकट मिळते.

ढोलपथकांचे सराव सुरू झाले. शाळेच्या मैदानावर एक मंडळ, आत आम्ही. कियाई कुणालाच ऐकू जात नाही, स्वतःलाही नाही.

बुधवार, २० ऑगस्ट

दोन दिवस धो-धो. राधानगरीचे दरवाजे उघडलेत, पंचगंगा फुगलीय. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. सखल भागातली कुटुंबं शाळेच्या हॉलमध्ये आणलीत, त्यामुळे क्लास बंद. ते बरोबरच आहे. दहावीचा मुलगा तिथेच ब्लँकेटं वाटायला जातोय.

सगळ्यांना एकच काळजी : परीक्षक पुण्याहून येतील कसे? २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन रस्ता बंद पडला होता. सर म्हणाले, तारीख तीच, जागा बदलली. ओळखीच्या माणसाचं मंगल कार्यालय मिळालंय.

अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये तेक्की केला. गाड्यांच्या मध्ये आडवी जागा तेवढीच, बरोबर लागते तेवढी. या कात्याला खोली लागत नाही, गल्ली पुरते.

रविवार, २४ ऑगस्ट

पाऊस उघडला, परीक्षक रात्रीच पोचले होते.

मंगल कार्यालयाची फरशी गुळगुळीत पॉलिश केलेली. मागच्या लग्नाचं थर्माकोलचं कमळ अजून स्टेजवर. पहिल्या बॅचची दोन पोरं लाथ मारताना घसरून बसली. सरांनी कडेला ओलं फडकं पसरलं : आत जायच्या आधी तळवे पुसायचे. किंचित दमट तळवा धरून राहतो, कोरडा आणि धुळीचा घसरतो.

पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांपासून सुरुवात, आम्ही शेवटी. तोवर वज्रासनात बसून पाय मेले. उभं राहताना अंगठे आधी हलवून घेतले.

किहोन निभावलं. माझी योको-गेरी केकोमी (बाजूची लाथ) कधीच बघण्यासारखी नव्हती, आजही नव्हती.

तेक्कीला एकेकट्याला बोलावलं. योई (तयार). पहिलं पाऊल ओलांडलं तेव्हा नसलेली दोरी टाळूवर जाणवत होती. हाइशु-उके (उलट्या पंजाने अडवणं), एंपी (कोपर), मुठी कमरेशी, गेदान-बाराई (खाली झाडून अडवणं). कागी-झुकीच्या वेळी उजव्या अंगठ्याने फरशी दाबली, गुडघा जागेवर राहिला आणि मूठ कुशीशी येऊन आपोआप थांबली. थांबवावी लागली नाही. नामी-गाएशी डावीकडे चांगली, उजवीकडे जराशी कललो. मोरोते-झुकीला (दोन्ही मुठींचा ठोसा) कियाई घुमली, कारण कार्यालयाचं छत उंच. मग उलट्या बाजूने तेच सगळं.

परीक्षकांनी विचारलं, "नामी-गाएशी कशासाठी?" म्हटलं, समोरच्याची खालची लाथ चुकवायला किंवा परतवायला. "आणखी?" म्हटलं, त्याच्या मांडीवर किंवा गुडघ्यावर मारायलाही. त्यांनी मान हलवली नाही, लिहून घेतलं. नंतर हेयान सान्दान सांगितला. चिठ्ठ्यांचं पुण्य.

जियु इप्पोनला मी पूर्ण मारले. तिने पहिला अडवताना ओल्या फडक्याचा फायदा दिसला, मागचं पाऊल अजिबात घसरलं नाही. माझ्या माए-गेरीला ती बाहेर सरकली आणि तिचा ठोसा माझ्या जबड्यापाशी आला तेव्हा मला तिचा हात दिसलाच नव्हता. दहावीच्या मुलाला योंदान सांगितला. यावेळी तो शेवटपर्यंत योंदानमध्येच राहिला.

शनिवार, ३० ऑगस्ट

निकाल. तिघेही पास. शेरे सरांनी वाचून दाखवले. मुलीला "अंतर उत्तम". मला "किबा-दाची स्थिर, हिकिते उशिरा". म्हणजे मारणारी मूठ पोहोचते तेव्हा दुसरी मूठ कमरेशी यायला हवी, माझी नंतर येते. पुन्हा हातातला दोष. तो कोपरात आहे की कमरेत, ते बघायला पाठीमागून चित्रण करावं लागेल, समोरून दिसत नाही.

पुढचा काता बस्साई दाई, ४२ हालचाली. सर म्हणाले, विसर्जनानंतर सुरू करू.

घरी येऊन आबांना पट्टा दाखवला. हातात घेऊन, ताणून, शिवण बघून म्हणाले, "आन् खुराकाला काय देत्यात?" काही देत नाहीत, उलट आपल्याकडूनच फी घेतात, असं सांगितलं तर ठसका लागेपर्यंत हसले.